फाइलसिस्टम मोठी, पार्टिशन लहान: एफएससीकेच्या आकाराच्या तक्रारीचा उलगडा

इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या घरी एक जुना लिनक्स संगणक केवळ एका कामासाठी ठेवलेला आहे: घरातल्या आणि ओळखीच्यांकडच्या जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून त्यावर साठवली जातात. एका संध्याकाळी माझ्या भाच्याने तो सुरू केला आणि आतल्या खोलीतून हाक मारली, “मामा, हा विचारतोय, अबॉर्ट करू का म्हणून. हो म्हणू की नाही?” मी स्वयंपाकघरातूनच सांगितले, “काहीच म्हणू नकोस. मी येतो.” पडद्यावर फाइलसिस्टम तपासणाऱ्या एफएससीके (ईएक्सटी४साठी ई२एफएससीके) या साधनाच्या या चार ओळी होत्या:

द फाइलसिस्टम साइझ अकॉर्डिंग टू द सुपरब्लॉक इज २६२१४४०० ब्लॉक्स
द फिजिकल साइझ ऑफ द डिव्हाइस इज २४४१३८०६ ब्लॉक्स
आयदर द सुपरब्लॉक ऑर द पार्टिशन टेबल इज लाइकली टू बी करप्ट!
अबॉर्ट<वाय>?

म्हणजे, फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था) स्वतःच्या नोंदीनुसार २६२१४४०० ब्लॉकांची, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांची, आहे, पण ती ज्या पार्टिशनवर (डिस्कच्या आखून दिलेल्या भागावर) आहे ते प्रत्यक्षात २४४१३८०६ ब्लॉकांचेच आहे, तेव्हा दोहोंपैकी एक नोंद बिघडलेली असावी, थांबू का? चूक माझी होती आणि ती कोणती हे पुढे येईलच. ही तक्रार पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा डिस्क खराब झाली असे समजून फाइलसिस्टम ‘दुरुस्त’ करायला धावतो आणि जे तोवर शाबूत होते तेही घालवून बसतो. म्हणून हा लेख अगदी नवख्या वाचकासाठी, क्रमाने आणि थोडा सावकाश लिहिला आहे. उदाहरणे लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टमची आहेत. ईएक्सटी२ आणि ईएक्सटी३ यांना तीच लागू पडतात. आज्ञांची नावे बोलताना घेतो तशी देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती रोमन अक्षरांत टंकावीत आणि आकडेही रोमनच घ्यावेत. जवळजवळ सर्व आज्ञांना रूटचे अधिकार लागतात, त्यामुळे प्रत्येकीच्या आधी ‘सूडो’ आहे असे समजावे.

दोन वेगळ्या वह्या

पार्टिशन कुठे सुरू होते आणि कुठे संपते याची नोंद पार्टिशन टेबलात असते. फाइलसिस्टम किती ब्लॉकांची आहे याची नोंद मात्र फाइलसिस्टमच्या आतच, सुपरब्लॉक नावाच्या छोट्याशा रकान्यात असते. पहिला सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर सुरू होतो. एकाच घराबद्दल खरेदीखत एक लांबी सांगते आणि मोजणीचा नकाशा दुसरी, तसाच हा प्रकार आहे. या दोन वह्या आपोआप जुळवणारे कोणीही नाही. पार्टिशनची हद्द बदलणारे साधन सुपरब्लॉककडे पाहतेच असे नाही, आणि फाइलसिस्टमचा आकार बदलणारे साधन पार्टिशन टेबलाला हात लावत नाही.

पार्टिशन मोठे आणि फाइलसिस्टम लहान असेल तर काही बिघडत नाही. शेवटची जागा नुसती पडून राहते. उलट झाले, म्हणजे फाइलसिस्टमला जी जागा आपली वाटते ती पार्टिशनच्या हद्दीबाहेर गेली, की तक्रार सुरू होते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अशी फाइलसिस्टम माउंट करण्यास (वापरासाठी जोडण्यास) नकार देतो आणि त्याच्या नोंदींत ‘बॅड जॉमेट्री: ब्लॉक काउंट अमुक एक्सीड्स साइझ ऑफ डिव्हाइस’ अशी ओळ येते. माउंटची आज्ञा स्वतः मात्र ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असे एकाच दमात चार-पाच संशय बोलून दाखवते. त्यावरून काहीच कळत नाही, म्हणून खरे कारण नेहमी कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’च्या शेवटच्या काही ओळींत शोधावे.

आणखी एक फरक सुरुवातीलाच ध्यानात घेतला तर पुढचे बरेच चाचपडणे वाचते. पार्टिशनचा शेवट चुकला असेल तर सुपरब्लॉक सापडतो आणि आकाराची तक्रार येते. सुरुवात चुकली असेल, उदाहरणार्थ जुन्या पद्धतीने सेक्टर (डिस्कचा सहसा ५१२ बाइटांचा तुकडा) ६३ वरून सुरू होणारे पार्टिशन कोणी नव्या पद्धतीने सेक्टर २०४८ वरून पुन्हा बनवले असेल, तर सुपरब्लॉक ठरल्या जागी सापडतच नाही आणि ‘बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक’ अशी तक्रार येते. त्या तक्रारीवर बहुतेक मार्गदर्शनात राखीव सुपरब्लॉक वापरायला सांगतात. ४०९६ बाइटांचा ब्लॉक असेल तर पहिला राखीव सुपरब्लॉक ब्लॉक ३२७६८ वर असतो. आकाराच्या तक्रारीवर मात्र तो उपाय चालत नाही, कारण राखीव प्रतींतही तोच ब्लॉकांचा आकडा लिहिलेला असतो.

‘अबॉर्ट’ला काय उत्तर द्यावे

हो म्हणावे. नुसते एंटर दाबले तरी हो असेच धरले जाते. गंमत अशी की, सगळ्या प्रश्नांना परस्पर हो म्हणण्यासाठी जो ‘-वाय’ पर्याय वापरतात, तो दिला तरी हे साधन येथे थांबते, कारण या एका प्रश्नापुरता ‘हो’चा अर्थ ‘थांब’ असा आहे. त्यामुळे घाईने ‘ई२एफएससीके -वाय’ चालवणारा माणूस येथे नशिबाने वाचतो. धोका ‘नाही’ म्हणणाऱ्याला आहे. तसे म्हटले की तपासणी पुढे सरकते, हद्दीबाहेरचे ब्लॉक वाचू पाहते, ते वाचता येत नाहीत, आणि मग ज्या फाइलींचे किंवा कोष्टकांचे तुकडे त्या भागात होते त्या सर्वांना ती बिघडलेल्या समजू लागते. त्यानंतरच्या प्रत्येक ‘हो’बरोबर एकेक चांगली नोंद पुसली जाण्याची शक्यता असते. ती सामग्री डिस्कवर सुखरूप असू शकते. केवळ कुंपण आत सरकल्यामुळे ती दिसत नसते.

पहिली पायरी: काही न लिहिता नुसते पाहणे

हे पार्टिशन सुरू होतानाच माउंट होणारे असेल तर संगणक इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो आणि रूटचा पासवर्ड मागतो. तो देऊन ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ चालवावे, सुरू होताना काय काय माउंट करायचे याची यादी असलेली /ईटीसी/एफएसटॅब ही फाइल उघडावी, आणि त्या पार्टिशनच्या ओळीच्या आरंभी # हे चिन्ह टाकावे. संगणक मग त्या पार्टिशनशिवाय सुरू होईल. बाहेरच्या किंवा दुय्यम डिस्कांच्या ओळीत कायमचा ‘नोफेल’ हा पर्याय घालून ठेवला तर अशा वेळी संगणक अडून बसत नाही. तक्रार खुद्द लिनक्स जेथून चालते त्या रूट (/) पार्टिशनबद्दल असेल तर मात्र लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करून पुढचे काम करावे लागेल.

‘एलएसबीएलके’ चालवून नेमकी डिस्क कोणती आणि पार्टिशन कोणते हे ठरवावे. डिस्कांची नावे प्रत्येक वेळी तीच राहतील याची खात्री नसते. काल एसडीबी असलेली डिस्क पेनड्राइव्ह लावल्यावर आज एसडीसी होऊ शकते. म्हणून आकार आणि यूयूआयडी (फाइलसिस्टमची न बदलणारी ओळखखूण) पाहूनच खूण पटवावी. पार्टिशन माउंट झालेले नाही हेही येथेच दिसते. माउंट असलेल्या फाइलसिस्टमवर दुरुस्तीची तपासणी कधीही चालवू नये. त्यानंतर पार्टिशन टेबलाची प्रत काढून ती दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी:

एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीबी > /माउंट/पेनड्राइव्ह/टेबल.टीएक्सटी

ही साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक पार्टिशनची सुरुवात आणि लांबी तीत सेक्टरांत लिहिलेली असते. पुढे काही चुकले तर हीच फाइल ‘एसएफडिस्क’ला परत भरवून आधीची हद्द जशीच्या तशी आणता येते. मी आता हा सगळा मजकूर मोबाइलने टिपूनही ठेवतो, कारण ज्या पेनड्राइव्हवर प्रत काढली तोच नंतर सापडला नाही असे माझ्या बाबतीत घडलेले आहे.

डिस्कची तब्येतही येथेच पाहून घ्यावी. ‘डीमेसेज’मध्ये आय/ओ एररच्या ओळी येत असतील, किंवा डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद दाखवणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल -ए’मध्ये प्रलंबित अथवा बदललेल्या सेक्टरांचे आकडे वाढताना दिसत असतील, तर आकाराचा प्रश्न बाजूला ठेवून आधी ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रत काढावी.

दुसरी पायरी: वजाबाकी

आता दोन आकडे हवेत. पहिला फाइलसिस्टमचा:

डम्पई२एफएस -एच /डेव्ह/एसडीबी१

याच्या उत्तरात ‘ब्लॉक काउंट’ आणि ‘ब्लॉक साइझ’ या दोन ओळी शोधाव्यात. आमच्याकडे त्या अनुक्रमे २६२१४४०० आणि ४०९६ होत्या. गुणाकार केला की १०७३७४१८२४०० बाइट येतात, म्हणजे बरोबर १०० जीआयबी (१०२४च्या मापाने मोजलेले जीबी). दुसरा आकडा पार्टिशनचा:

ब्लॉकडेव्ह --गेटसाइझ६४ /डेव्ह/एसडीबी१

हे उत्तर बाइटांत येते; त्याला ४०९६ने भागून अपूर्णांक सोडून दिला की ब्लॉक मिळतात. भाच्याने कागदावर वजाबाकी मांडली: २६२१४४०० वजा २४४१३८०६ म्हणजे १८००५९४ ब्लॉक; म्हणजे ७३७५२३३०२४ बाइट, सुमारे ७ टक्के कमी.

माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वजाबाकी आहे, कारण येणारी बाकी बहुतेक वेळा कारणाचे नावच सांगते. नवखा माणूस ती करायची सोडून उपाय शोधत बसतो, आणि एका कारणाचा उपाय दुसऱ्या कारणावर चालवला की नुकसान होते.

बाकी ७ टक्क्यांच्या आसपास असेल तर १०००च्या आणि १०२४च्या मापांचा गोंधळ झालेला आहे. माझी चूक हीच होती. ५०० जीबीच्या त्या डिस्कवर दुसऱ्या पार्टिशनसाठी जागा करावी म्हणून मी फाइलसिस्टम आधी ‘रिसाइझ२एफएस’ने १००जी इतकी लहान केली, ते साधन जी म्हणजे जीआयबी, अर्थात १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइट असे मोजते. मग ‘पार्टेड’मध्ये पार्टिशनचा शेवट १००जीबी असा दिला. पार्टेडच्या लेखी जीबी म्हणजे नेमके १०० कोटी बाइट, आणि त्याला हवी असते ती पार्टिशनची लांबी नसून शेवटाची जागा. पार्टिशन लहान केल्याने डेटा जाऊ शकतो, पुढे जाऊ का, असे त्याने विचारलेही होते. फाइलसिस्टम आधीच लहान केली आहे या समाधानात मी हो म्हटले. क्रम बरोबर होता, माप चुकले होते.

बाकी काही हजार सेक्टरांची, पण १६०६५पेक्षा कमी असेल, तर सिलिंडरचा संशय घ्यावा. जुनी साधने पार्टिशनचा शेवट सिलिंडरच्या सीमेवर नेऊन टेकवत, आणि २५५ हेड गुणिले ६३ सेक्टर या हिशेबाने एक सिलिंडर १६०६५ सेक्टरांचा होतो. आमच्या पार्टिशनचा शेवट खरे तर सेक्टर २०९७१७२४७ वर हवा. तो कोणी मागच्या सिलिंडरच्या सीमेवर आणला तर २०९७१२५०९ वर येईल आणि ४७३८ सेक्टर, म्हणजे जेमतेम २.३ एमआयबी कमी पडतील. तेवढ्यानेही माउंट अडते.

बाकी ६४ ते १२८ केआयबीच्या मधली, म्हणजे साधारण १६ ते ३१ ब्लॉकांची असेल, तर सॉफ्टवेअर रेडकडे, म्हणजे अनेक डिस्का किंवा पार्टिशने एकत्र जोडण्याच्या सोयीकडे, पाहावे. ‘एमडीएडीएम’ची ०.९० ही जुनी मांडणी आपली नोंद पार्टिशनच्या शेवटच्या ६४ ते १२८ केआयबीत ठेवते. आधीच फाइलसिस्टम असलेल्या पार्टिशनवर कोणी रेड उभारले तर तेवढी जागा शेपटाकडून कापली जाते. येथे पार्टिशन वाढवणे हा उपाय नाही. फाइलसिस्टमच लहान करावी लागते, आणि ते काम रेड थांबवून एका सदस्यावर आणि तेही प्रत काढल्यानंतरच करता येते. नवख्याने यात एकट्याने उतरू नये.

बाकी बरोबर ४०९६ ब्लॉक, म्हणजे १६ एमआयबी, असेल तर बहुधा एलयूकेएस२च्या कूटबद्ध पेटीत तेवढ्याच आकाराच्या साध्या पार्टिशनची प्रत ओतलेली असते. पेटीचे शीर्षक नेहमीच्या मांडणीत १६ एमआयबी खाते. जुन्या एलयूकेएस१चे शीर्षक नेहमीच्या मांडणीत २ एमआयबीचे असते, म्हणजे बाकी ५१२ ब्लॉकांची येते.

१ टीबीच्या डिस्कवर १९५३५२५१६८ सेक्टरांऐवजी १९५३५२३०५५ दिसत असतील, म्हणजे २११३ सेक्टर गायब असतील, तर काही जुन्या मदरबोर्डांच्या बायॉसने स्वतःची प्रत ठेवण्यासाठी डिस्कचा शेवट लपवलेला असतो. ‘एचडीपार्म -एन’ दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवते. डिस्क यूएसबीच्या पेटीत असेल तर ती आधी बाहेर काढून थेट साटाला जोडून पाहावी. काही पेट्या डिस्कचा आकार किंवा सेक्टरचे माप वेगळेच सांगतात.

पार्टिशन ४२९४९६७२९६ सेक्टरांच्या, म्हणजे २ टीआयबीच्या, आसपास येऊन थांबत असेल तर दोष जुन्या एमबीआर पद्धतीच्या टेबलाचा आहे; ५१२ बाइटांच्या सेक्टरात त्याला त्यापुढे मोजता येत नाही, जीपीटी हे नव्या पद्धतीचे टेबल लागते. आणि बाकी कोणत्याच साच्यात बसत नसेल, पण डिस्क नुकतीच ‘डीडी’ने दुसऱ्या डिस्कवरून उतरवली असेल, तर नवी डिस्क जुनीपेक्षा लहान आहे का ते पाहावे. आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये एसएसडी मागताना आपण सहज ‘पाचशेची द्या’ म्हणतो, पण ४८०, ५०० आणि ५१२ जीबी असे तीन वेगळे आकार बाजारात असतात. प्रत ओतायची असेल तर जुन्या डिस्कच्या सेक्टरांचा आकडा चिठ्ठीवर लिहूनच दुकानात जावे.

तिसरी पायरी: हद्द परत आणणे

आमच्यासारख्या प्रकरणात, म्हणजे पार्टिशन आखूड झाले आहे पण त्यापुढची जागा मोकळी आहे तेव्हा, उपाय फाइलसिस्टमवर करायचा नसून पार्टिशन टेबलावर करायचा असतो. शेवटचा सेक्टर असा काढावा: ब्लॉकांना ८ने गुणावे, कारण ४०९६ बाइटांच्या ब्लॉकात ५१२ बाइटांचे ८ सेक्टर बसतात, त्यात पार्टिशनचा आरंभीचा सेक्टर मिळवावा, आणि १ वजा करावा. आमचा हिशेब २६२१४४०० गुणिले ८ म्हणजे २०९७१५२००, अधिक २०४८, वजा १, म्हणजे २०९७१७२४७ असा आला.

हा आकडा पुढच्या पार्टिशनच्या सुरुवातीपेक्षा लहान आहे ना, हे टेबलाच्या प्रतीत पाहावे. तो मोठा असेल, म्हणजे मध्यंतरी त्या मोकळ्या वाटलेल्या जागेत कोणी नवे पार्टिशन बनवले असेल, तर येथेच थांबावे. नुसते पार्टिशन बनवले असेल तर ते काढून टाकता येते. त्यावर फाइलसिस्टमही बनवली असेल तर आपल्या शेपटावर दुसऱ्याचे लिखाण झालेले आहे. आणि डिस्क एसएसडी असेल तर परिस्थिती आणखी वाईट असते, कारण ईएक्सटी४ बनवणारे साधन आधी ती सारी जागा रिकामी झाल्याचे डिस्कला कळवून टाकते. माझे नशीब असे की दुसरे पार्टिशन बनवायचे मी आळसाने लांबणीवर टाकले होते.

जागा मोकळी असेल तर:

पार्टेड /डेव्ह/एसडीबी युनिट एस रिसाइझपार्ट १ २०९७१७२४७एस

आकड्यापुढचा एस म्हणजे सेक्टर. जीबी, जीआयबी अशा मापांच्या भानगडीत या कामात अजिबात पडू नये. काही जण हेच काम ‘एफडिस्क’मध्ये जुने पार्टिशन काढून त्याच सुरुवातीपासून नवे बनवून करतात. तेही चालते, परंतु तसे करताना ‘या पार्टिशनवर ईएक्सटी४ची खूण आहे, ती काढून टाकू का’ असा प्रश्न आला तर ‘नाही’ म्हणावे, आणि जीपीटीच्या डिस्कवर नव्या पार्टिशनचा पार्टयूयूआयडी (टेबलातली पार्टिशनची ओळखखूण) बदलतो हे ध्यानात ठेवावे. पार्टेडमध्ये या दोन्ही कटकटी नाहीत, म्हणून मला तो बरा वाटतो.

त्यानंतर ‘पार्टप्रोब’ चालवून कर्नलला नवे टेबल वाचायला लावावे आणि ब्लॉकडेव्हची आज्ञा पुन्हा द्यावी. आमच्याकडे या वेळी उत्तर १०७३७४१८२४०० असे आले, म्हणजे पहिल्या आकड्याशी तंतोतंत जुळले. येथे किमान तेवढा आकडा यायलाच हवा. एक सेक्टर जरी कमी असला तरी पुढे जाऊ नये.

चौथी पायरी: आता तपासणी

आधी न लिहिता तपासावे:

ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एसडीबी१

‘-एन’ म्हणजे प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणणे आणि डिस्कवर काहीही न लिहिणे. ‘-एफ’ म्हणजे फाइलसिस्टम स्वच्छ दिसत असली तरी पूर्ण तपासणे. मागे ‘नाही’ म्हणू नये असे सांगितले ते लिहिण्याची मुभा असलेल्या तपासणीबद्दल होते. पाचही टप्पे मुकाट पार पडले तर ‘-एन’ काढून तीच आज्ञा द्यावी. शेकडो तक्रारींची रांग लागली तर मात्र थांबून आधी प्रत काढावी, कारण एवढ्या तक्रारी म्हणजे हद्दीबाहेर असताना त्या भागावर काहीतरी लिहिले गेले, असाच सहसा अर्थ असतो. आज्ञा संपल्यावर ‘एको $?’ टंकले की निकालाचा आकडा दिसतो: ० म्हणजे चूक नाही, १ म्हणजे चुका होत्या व त्या दुरुस्त झाल्या, ४ म्हणजे चुका तशाच राहिल्या.

यानंतर पहिल्यांदा माउंट करताना ‘माउंट -ओ आरओ’ असे केवळ वाचनापुरते करावे आणि दोन-चार मोठ्या फाइली खरोखर उघडून पाहाव्यात. फाइलींची यादी दिसणे म्हणजे फाइली शाबूत असणे नव्हे. यादी एका ठिकाणी असते आणि मजकूर दुसरीकडे. भाच्याने एका अंकाचे मुखपृष्ठ उघडले आणि मला वाटले झाले. तेवढ्यात त्यानेच सर्वांत शेवटी स्कॅन केलेली पाने उघडून पाहण्याची सूचना केली, आणि ती योग्य होती.

पुढे वाढवायला जागाच नसेल तर

लहान डिस्कवर ओतलेल्या प्रतीच्या बाबतीत हद्द वाढवणे शक्य नसते. जुनी डिस्क हाताशी असेल तर प्रत टाकून द्यावी, मूळ फाइलसिस्टम आधी लहान करावी आणि मग पुन्हा प्रत काढावी. हाच सरळ मार्ग आहे. जुनी डिस्क गेलेली असेल तर एखाद्या मोठ्या डिस्कवर त्या पार्टिशनची प्रत फाइलच्या रूपात काढावी आणि ती फाइल फाइलसिस्टमच्या पूर्ण लांबीइतकी ताणावी:

ट्रंकेट -एस १०७३७४१८२४०० प्रत.आयएमजी

वाढवलेला भाग शून्यांनी भरलेला समजला जातो. आता ई२एफएससीके आणि रिसाइझ२एफएस ही दोन्ही साधने थेट या फाइलवर चालवता येतात. कापल्या गेलेल्या शेपटात जे होते ते परत येणार नाही. पण ती जागा रिकामीच असेल, आणि अर्धवट भरलेल्या डिस्कवर ती पुष्कळदा रिकामीच असते, तर काहीच न गमावता फाइलसिस्टम लहान करून पुन्हा पार्टिशनवर उतरवता येते. मूळ पार्टिशनला तोवर हात लागलेला नसतो. सुपरब्लॉकमधला ब्लॉकांचा आकडा ‘डीबगएफएस’ने हाताने बदलण्याचा सल्ला काही जण देतात. तो मी देणार नाही: आकडा बदलला तरी गटांची कोष्टके जुन्याच आकाराची राहतात.

एलव्हीएम (पार्टिशनांऐवजी लवचीक खंड वापरण्याची लिनक्सची पद्धत) वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सोय आहे. ‘एलव्हीरिड्यूस’ने चुकून खंड लहान केला असेल तर आधीची मांडणी /ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह येथे सहसा जपलेली असते आणि ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’ने ती परत आणता येते. ‘एलव्हीएक्सटेंड’ने तेवढेच वाढवणे हा त्याला पर्याय नाही, कारण मिळणारे तुकडे डिस्कवरच्या त्याच जागचे असतील याची खात्री नसते. पुढच्या वेळी ‘एलव्हीरिड्यूस’ला ‘--रिसाइझएफएस’ जोडावे, म्हणजे दोन्ही कामे योग्य क्रमाने होतात. फ्रीबीएसडीच्या यूएफएसवर हा पेच वेगळ्या वळणाने येतो: तेथे ‘ग्रोएफएस’ने फाइलसिस्टम वाढवता येते, लहान करता येत नाही, त्यामुळे पार्टिशन आखूड करण्याचा विचारच करू नये.

लहान करण्याची बरोबर रीत

खोली लहान करायची असेल तर आधी सामान आवरावे आणि मग भिंत सरकवावी. मोठी करायची असेल तर आधी भिंत सरकवावी आणि मग सामान पसरावे. फाइलसिस्टम हे सामान आणि पार्टिशन ही भिंत. पण क्रम पाळूनही मी फसलो, म्हणून लहान करताना मी आता मुद्दाम जास्तीची मोकळीक ठेवतो. पार्टिशन १०० जीआयबीचे करायचे असेल तर पार्टिशन अनमाउंट करून ‘ई२एफएससीके -एफ’ चालवावे, कारण त्याशिवाय रिसाइझ२एफएस लहान करण्यास तयार होत नाही. मग फाइलसिस्टम ९०जी करावी, पार्टिशनचा शेवट सेक्टरांत मोजून १०० जीआयबीवर आणावा, आणि सर्वांत शेवटी आकारच न देता आज्ञा द्यावी:

रिसाइझ२एफएस /डेव्ह/एसडीबी१

आकार दिला नाही की हे साधन पार्टिशन जेवढे आहे तेवढे भरून फाइलसिस्टम वाढवते, आणि मापांच्या गोंधळाला जागाच उरत नाही. ईएक्सटी४ वाढवणे माउंट असतानाही जमते, लहान करणे मात्र अनमाउंट केल्याशिवाय होत नाही. लहान करताना पुष्कळ डेटा जागचा हलतो आणि मोठ्या डिस्कवर त्यास तासन्‌तास लागू शकतात, तेव्हा लाइट जाण्याच्या दिवसांत हे काम यूपीएसशिवाय काढू नये. ईएक्सटी४ऐवजी एक्सएफएस ही फाइलसिस्टम असेल तर लहान करण्याचा हा मार्गच नाही असे धरून चालावे: डेटा दुसरीकडे हलवावा, नवी फाइलसिस्टम बनवावी आणि डेटा परत आणावा.

आमची डिस्क त्या रात्रीच एफएसटॅबमधले # काढून पुन्हा कामाला लागली. भाच्याने तिच्या पेटीवर कागदाची पट्टी चिकटवून तीन आकडे लिहिले आहेत: २०४८, २०९७१७२४७, २६२१४४००. त्याखाली ‘मामांनी जीबी लिहू नये’ असेही लिहिले आहे, आणि ती पट्टी मी काढलेली नाही.